खरवडण्याआधी थोडं वाच

सिद्धेश्वर,
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली

चि. सोनूस,

फोनवर मी तुला एवढंच म्हणालो की जीपची चासी ब्लास्टिंगला पाठवू नकोस, थोडे दिवस थांब. तू थांबलीस, पण कारण पटलेलं नाही हे तुझ्या आवाजावरून कळलं. फोनवर असलं काही नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून करून पाहिले. बॉडी उतरवलेली, इंजिन आणि गिअर बॉक्स काढलेले, घोड्यांवर ठेवलेली उघडी चासी. तुला त्यात गंज, गिरीस आणि वर्षानुवर्षांचा चिखल दिसला. मला एका फोटोत मागच्या डाव्या पाट्याच्या यू-बोल्टवर पिवळ्या रंगाचा फराटा दिसला. बोटाच्या पेराएवढा. तो नटाच्या माथ्यावरून सुरू होतो, खालच्या प्लेटवर उतरतो आणि प्लेटच्या कडेला त्याचा एक ओघळ सुकलेला आहे. गॅरेजवाले तुला म्हणाले, कुणीतरी रंग सांडला असेल. रंग असा सांडत नाही, सोनू. नट आणि प्लेट या दोन्हींवरून एका फटक्यात ब्रश फिरवला तरच असा फराटा उमटतो.

मी वर्कशॉपात असताना आम्ही हे रोज करायचो. नट हवा तेवढा आवळला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. पुढे कधी नट ढिला झाला की रेघ तुटते, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे होतो. पाना न लावता, नुसत्या नजरेनं कळतं. आजही कुठल्याही नव्या गाडीखाली वाकून बघ, बोल्टांवर पांढऱ्या-पिवळ्या मार्करच्या रेघा दिसतील. कारखान्यात ही रेघ म्हणजे तपासनिसाची सही असते. 'हे काम झालं, मी बघितलं' असं तो तिथं लिहून ठेवतो, आणि गाडी पुढे सरकते.

चासीवरच्या रंगाच्या खुणा एवढ्यावर थांबत नाहीत. एकाच कारखान्यात दोन-तीन वजनांचे पाटे येतात. दिसायला सारखे, सोसायला वेगळे. कागद काढून आकडे जुळवत बसायला तिथं कुणाला वेळ नसतो, म्हणून पाट्यावर रंगाचा पट्टा मारतात. प्रोपेलर शाफ्टची लांबी वेगळी असेल तर त्यावर रंगाचं कडं असतं. क्रॉस मेंबरवर, फायर वॉलवर मेणाच्या पेन्सिलीनं किंवा खडूनं आकडे लिहिलेले असतात. ही चासी कुठल्या ऑर्डरची, तिच्यावर कुठली बॉडी बसायची, हे सांगणारे. खडूचा आकडा तासाभरानं पुसला तरी कारखान्याचं काही बिघडत नाही, त्याचं काम तेवढंच. म्हणून या खुणा कुठल्याही मॅन्युअलात नसतात, पार्ट्स कॅटलॉगमध्ये नसतात. ज्यांनी केल्या त्यांची नावंही कुठं नसतात. जिथं रंग मारायला पुन्हा कुणी गेलं नाही आणि गिरिसाच्या थरानं हवा-पाणी लागू दिलं नाही, अशा सांदीकोपऱ्यातच त्या टिकतात.

आता तुझ्या ऑर्डरविषयी. कारखान्याच्या खुणा उठवायला परदेशातून तू जो स्टेन्सिलचा आणि शिक्क्यांचा संच मागवलास, त्याचं चित्र पाहिलं. काम सुबक आहे. अशा खुणांचा अभ्यास करणारी मंडळीही मनापासून काम करणारी आहेत हे मला माहीत आहे. अमेरिकेत कॉर्व्हेट गाड्यांच्या शौकिनांनी १९७४ साली आपली संस्था काढली, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशीच आहे का, हे तिथं बोल्टाबोल्टाला गुण देऊन तपासतात. कॉर्व्हेटच्या चासी बनवायची मिलवॉकीची ए. ओ. स्मिथ कंपनी. तुमच्या बाथरूममध्ये जिचा गीझर आहे, तीच. १९२१ साली तिनं असा यंत्रांचा कारखाना उभारला की दिवसाला १०,००० चासी बाहेर पडायच्या. कॉर्व्हेटच्या चासीवर मागच्या बाजूला पांढऱ्या स्टेन्सिलनं पार्ट नंबर असायचा. शौकिनांनी न छेडलेल्या जुन्या गाड्या शोधल्या, त्यांच्या खाली झोपून एकेक खूण टिपली, एका गाडीची दुसरीशी ताडून पाहिली. हा अभ्यास पाहिला की मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

पण त्याच अभ्यासातून पुढे बाजार उभा राहिला. गुण मिळतात म्हटल्यावर खुणांचे तयार संच विकायला आले. ज्या गाडीची चासी पार खरवडून काढली, जिच्यावर काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, तिच्यावरही दुसऱ्या गाडीच्या खुणा नव्यानं रंगवल्या जातात. त्याही अशा स्वच्छ, सरळ, एकही ओघळ नसलेल्या, की पाळी संपायची वाट बघणाऱ्या कामगाराच्या हातून त्या कधी झाल्याच नसत्या. याला मी अस्सल म्हणणार नाही. तिथं जे होतं ते काढून टाकलं आणि जे असावंसं वाटतं ते चिकटवलं, इतकंच त्यात झालं.

आणि आपल्या जीपच्या बाबतीत तर गोष्ट आणखी वेगळी आहे. तुझा संच ओहायोतल्या टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कारखान्यातल्या खुणांचा आहे. आपली जीप टोलेडोत बनलेली नाही. महिंद्रांनी १९४९ साली विलीजच्या ७५ जीप सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जुळवल्या, तिथून हे काम सुरू झालं. त्याच्याही आधी, १९२८ पासून, शिवडीला जनरल मोटर्स बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या उभ्या करत होती. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारनं धोरण ठरवलं की नुसती जुळवणी नको, भाग इथं बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. जे राहिले त्यांच्याकडे एकेक भाग देशी होत गेला. त्यामुळे त्या काळातल्या इथल्या गाडीत कुठला भाग पेटीतून आला आणि कुठला आपल्याकडे बनला, हे वर्षावर्षाला, कधी महिन्यामहिन्याला बदलत होतं. आपली सीजे-थ्री-बी त्याच घडामोडीतली. उंच बॉनेटची. आतलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून १९५३ साली विलीजनं बॉनेट वर उचललं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे मात्र त्यानंतरही ते बनत राहिलं.

अमेरिकेत एका खुणेसाठी शंभर गाड्या ताडून पाहायला मिळतात. आपल्याकडे न उघडलेली, न रंगवलेली चासी शोधायला गेलीस तर मुश्किलीनं सापडेल. दर दिवाळीला काळा रंग, दर पासिंगला रेड ऑक्साइड, ही आपली पद्धत. म्हणून मी तुझ्या मागे लागलोय. मुंबईच्या त्या जुळवणीच्या ओळीवर कुठला रंग कशासाठी वापरत होते, हे सांगणारं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही. तुझ्यासमोर घोड्यांवर ठेवलेली चासी हेच त्या पुस्तकाचं एक पान आहे. तिच्यावर टोलेडोचे शिक्के मारलेस तर पुढचा अभ्यासक त्यालाच पुरावा समजेल, आणि तुझं काम जितकं चांगलं तितका तो अधिक फसेल.

युद्धातल्या जीपांचं उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोघांनी एकाच नकाशावरून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. वरून पाहिलं तर ओळखू येत नाहीत, चासीपाशी वाकलं की कळतं. विलीजचा पुढचा क्रॉस मेंबर गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. फोर्डनं तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरही 'एफ' उठवला होता. आता विलीजच्या चासीत मध्येच एक 'एफ'चा बोल्ट सापडला की हौशी माणूस तो उपटून विलीजचा शोधत बसतो. लष्करी वर्कशॉपात मिस्त्रीच्या हाताला जो बोल्ट लागला तो त्यानं लावला, गाडी पुढे गेली. तो बोल्ट कारखान्याचा नाही, मान्य. पण खोटाही नाही.

आता आपल्या पिवळ्या फराट्याकडे येतो. तो कारखान्याचाच आहे असं मी म्हणत नाही. यू-बोल्ट ही वारंवार खोलायची जागा, आणि आपल्या भागातल्या रस्त्यांनी पाटे किती मोडले असतील याचा हिशेब नाही. तुझे आजोबा सांगायचे की लिलावात घेण्याआधी ही जीप पूर्णा प्रकल्पावर होती. वरच्या अंगाला येलदरी, खाली आपलं सिद्धेश्वर, दोन्ही धरणं १९६८ साली पुरी झाली. त्या कामावर काळ्या रानातून पावसाळाभर फिरलेल्या गाडीचे पाटे मूळचे असतील असं मी धरून चालणार नाही. तेव्हा ती खूण एखाद्या वर्कशॉपमधल्या फिटरची असू शकते. माझ्याआधीच्या पिढीतल्या एखाद्याची.

याचा निकाल लावता येतो, आणि त्यासाठीच ब्लास्टिंग थांबवायला सांगितलं. वाळूचा मारा एकदा झाला की प्रश्नच उरत नाही, कारण उत्तरच उडून जातं. कारखान्यात साधारणपणे चासी आधी रंगवतात, मग पाटे-ॲक्सल बसवतात, मग खूण करतात. म्हणजे कारखान्याची खूण मूळ काळ्या रंगावर बसलेली असणार, आणि नंतरचे सगळे हात तिच्यावर असणार. खूण नंतरची असेल तर तिच्याखाली नंतरचा थर सापडेल. फराट्याच्या शेजारी, त्याला धक्का न लावता, आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा घे. बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून गोल गोल, हलक्या हातानं घास. थर एकाखाली एक उघडे पडत जातील, कड्यांसारखे. वरचा काळा, त्याखाली रेड ऑक्साइड, त्याखाली पुन्हा काळा, मग लोखंड. मग भिंगातून बघ, पिवळा यातल्या कुठल्या कड्यावर टेकलाय. तळच्या काळ्यावर टेकला असेल आणि वरून रेड ऑक्साइड गेला असेल, तर मला लगेच फोन कर, रात्रीचे बारा वाजले असले तरी.

ओघळाची दिशाही बघ. काही कारखान्यांत चासी उलटी ठेवून तिच्यावर ॲक्सल-पाटे आवळतात आणि मग पालटतात. तशी खूण उलट्या चासीवर झाली असेल तर तिचा ओघळ आज वरच्या दिशेनं गेलेला दिसेल. वर्कशॉपात जीप चाकांवर उभी असते आणि फिटर खाली झोपलेला असतो. त्याचा ओघळ खालीच येणार. फोटोत मला तो खाली आलेला वाटतो, पण कॅमेरा कसा धरला होता ते तुलाच ठाऊक.

आता दुसरी जागा. तुझ्या लक्षात आली नसेल. गिअर बॉक्सच्या मागच्या क्रॉस मेंबरची आतली बाजू, जिथं गिरिसाचा जाड पोपडा एका कोपऱ्यात निघालाय. त्या उघड्या पट्टीत पांढरट दोन रेघा दिसतात. एक उभी, एक वळलेली. तो मेणाच्या पेन्सिलीनं लिहिलेला आकडा असेल तर मला त्याचं मोल पिवळ्यापेक्षा फार जास्त. कारण गिअर बॉक्स जागेवर असताना तिथं कुणाचा हात पोचत नाही आणि उघड्या चासीवर आकडा टाकायची गरज कारखान्यालाच पडते. तिथं थिनर अजिबात लावू नकोस, मेण जागच्या जागी विरघळेल. रॉकेलही नको. आधी लाकडी चमच्याच्या कडेनं वरवरचा पोपडा उचल, तारेचा ब्रश तर त्या खोलीतच आणू नकोस. मग भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, टिपून घ्यायचं, घासायचं नाही. अंधार करून बॅटरी बाजूनं, अगदी लोखंडाला टेकवून धर. समोरून उजेड पाडला की जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसतं. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेव. शेवटी पारदर्शक प्लॅस्टिक लावून खूण आहे त्या मापाची पेनानं उतरवून घे.

चासी नंबरची पेन्सिल प्रिंट मात्र सगळ्याआधी. आरटीओत गाडी नावावर करताना कागद लावून वरून पेन्सिल फिरवतात ना, तशीच. ब्लास्टिंगनं उथळ आकड्यांच्या कडा मरतात आणि वरून पावडर कोटिंगचा थर आकड्यांत भरून बसतो. कोटिंगसाठी चासी भट्टीत जवळपास दोनशे अंशांवर तापवतात, तिथं उरलासुरला मूळ रंगही जाईल. शिवाय त्या काळच्या जीपला असली प्लॅस्टिकसारखी चकाकी नव्हतीच.

तुला व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचाय, तेव्हा कायद्याचंही बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आपल्या मागच्या हँगरपाशी आजोबांच्या वेळचं वेल्डिंगचं ठिगळ आहे. ते घासून, लांबी भरून लपवावं असं गॅरेजवाले म्हणतात. मी म्हणेन, मजबूत आहे का ते तपासून घे आणि दिसू दे.

औंढ्याचं देऊळ तू लहानपणापासून पाहतेस. खाली कोरीव दगडाचं यादवकालीन काम, एकेक मूर्ती बघत प्रदक्षिणा घालावी असं. वर नंतरच्या काळातलं चुन्याचं बांधकाम, जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलं जातं. जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं हे शाळेतलं पोरही बोट ठेवून दाखवील. ज्यांनी वरचं बांधलं त्यांनी खालच्या दगडाची नक्कल करायचा आव आणला नाही, म्हणून आज आपल्याला दोन्ही काळ वेगवेगळे वाचता येतात. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, २०१२ साली ट्युरिनची सनद मान्य केली, तिचाही सूर हाच. आधी जपा, मग दुरुस्त करा, अगदीच गरज पडली तर पुन्हा घडवा, आणि नव्यानं घातलेल्या भागावर सहज नजरेत न भरणारी पण कायमची खूण ठेवा.

तेव्हा माझं म्हणणं असं. जिथं गंजानं लोखंड खाल्लंय तिथंच साफ कर, गंज मारणारा प्रायमर लाव, वर ब्रशनं किंवा गननं साधा काळा इनॅमल दे. चासी वाचवायचीच आहे, तिला गंजत ठेवून पुरावा जपा असं मी म्हणत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, ती तर कोपऱ्याकोपऱ्यातून काढायलाच हवी. पण त्या दोन जागांच्या भोवती टेप लावून रंग थांबव आणि वरून पारदर्शक लॅकर न लावता पातळ मेणाचा हात फिरव. मेण उद्या काढता येईल, लॅकर येणार नाही. पूर्ण खात्री पटलेली एखादी खूण रंग देताना झाकावीच लागली, तर ती नव्या रंगावर पुन्हा काढायला माझी हरकत नाही. प्लॅस्टिकवर उतरवलेल्या मापाची, त्याच जागी, त्याच वेड्यावाकड्या ओघळासकट, आणि वहीत तसं लिहून. जी खूण तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नाहीस ती मात्र नको. तो स्टेन्सिलचा संच परत जात असेल तर परत पाठव. जात नसेल तर टोलेडोच्या जीपवाल्या कुणाला देऊन टाक, त्याच्या उपयोगाला येईल.

वहीचं विसरू नकोस. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर तारीख, जागा, काय दिसलं, काय केलं. फिटरची खूण आणि कारखान्याची खूण वेगळ्या शाईनं लिही. जिथं ठरवता आलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाक.

उजव्या बाजूचा पुढचा शॅकल ब्रॅकेट मला फोटोत चिरलेला वाटतोय. तो बदलावाच लागेल, जिवाशी खेळ नको. पण कापलेला तुकडा भंगारात देऊ नकोस. त्याच्या मागच्या बाजूला अजून गिरीस आहे आणि तिथं काय आहे ते आपण कुणीच पाहिलेलं नाही. पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून इकडे पाठव. नव्या ब्रॅकेटवर खालच्या अंगाला, चाकाच्या बाजूनं दिसणार नाही असा, महिना आणि साल पंच करून घे.

तुझा,
मामा